हुंगलेला गुलाब

आमच्या धंद्यात नाकाला काम नाही. डोळे लागतात, बोटं लागतात, तोंड तर लागतंच लागतं. नाक मात्र घरी ठेवून आलात तरी चालतं. पंचवटीत घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळाच्या तोंडाशी आमचं फुलांचं दुकान आहे. दुकान कसलं, एक लाकडी फळी, वर निळी ताडपत्री, आणि ओल्या गोणपाटाखाली झेंडू, शेवंती, गुलाब, तुळस. फुलवालीच्या अंगाला फुलांचा वास येत असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या गोणपाटाचा वास घ्यावा. पुन्हा तसं म्हणणार नाहीत.

माझं माहेर देवळ्याकडचं, कांद्यातलं. लग्नात वडील पाहुण्यांना सांगत होते, "पोरगी कांद्यातून गुलाबात चालली." सगळे हसले, मलाही बरं वाटलं. गुलाबात जाणं म्हणजे काय, ते दुकानावर बसले त्याच दिवशी कळलं.

सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात. त्या दिवशी आत्याबाईंनी मला शेजारी बसवलं आणि गावठी गुलाबांची पाटी पुढे सरकवली. मी एक गुलाब उचलला आणि कुणीही करील तेच केलं. नाकाला लावला.

"ए! हुंगलंस?"

बाईंचा आवाज असा चढला की समोरचा रिक्षावाला वळून बघायला लागला. मला काही कळेना. मी म्हटलं, "हो, नुसता वास घेतला."

"नुसता? देवाचं फूल हाय ते. हुंगल्यालं फूल देवाला चालतं व्हय? उष्टं झालं ते!" मला वाटलं आता फेकून देतील. पण फेकायला दिलं तर त्या आत्याबाई कसल्या. म्हणाल्या, "घाल आता डोक्यात. देवाचं नाय राह्यलं, तुझं झालं ते."

मी नवी नवरी. दिवसभर तो गुलाब डोक्यात घालून बसले आणि येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या बाईला, मी तो का घातलाय ते आत्याबाईंनी सांगितलं. बायका पदराआड हसत होत्या. मान खाली घालून मी झेंडू निवडत राहिले.

त्यानंतर मी फूल हुंगलं नाही. सवयच लागली तशी. फूल हातात आलं की हात लांब, मान वाकडी, आणि श्वास आपोआप बाहेर. गिऱ्हाईकही तेच बघतं. फुलवालीनं फूल तोंडाजवळ नेलेलं दिसलं तर पंचवटीतली बाई ते घेत नाही, सरळ पुढच्या दुकानावर जाते. आत्याबाई तर फुलांवर पाणी मारतानाही तोंडाला पदर लावायच्या. सासरे गेल्यावर एकटीनं त्यांनी हे दुकान चालवलं, मुलाला शिकवलं, सातपूरच्या कारखान्यात चिकटवलं, आणि ह्या सगळ्यात त्यांचा एकच तोरा: "माझ्या हाताचं फूल कोरं असतं."

तो तोरा उगाच नव्हता. बोळाच्या आत गुरुजींच्या घरचं रामाचं छोटं देऊळ आहे. त्या रामाचा रोजचा हार आमच्याकडून जातो, आत्याबाईंच्या सासूच्या काळापासून. गुरुजींच्या बायकोला सगळा बोळ काकू म्हणतो. त्या रोज सकाळी स्वतः येतात, हार दोन्ही हातांवर आडवा घेतात आणि जातात. त्या एका हारावर आमचं दुकान उभं आहे म्हटलं तरी चालेल. कारण लोक बघतात ना. रामाला ह्यांचा हार जातो, मग आपल्याही देवाला ह्यांच्याच हातचं नेऊ, असा हिशेब असतो बायकांचा.

आता त्या बाटलीचं सांगते.

माझी मुलगी कॉलेज संपवून नोकरीला लागली आहे. तिला सेंटचं भारी वेड. मोबाइलवर बाया-बाप्ये सेंट लावून त्यावर तासन्‌तास बोलतात, ते ती जेवताना बघते. मला आधी वाटायचं, वासाबद्दल एवढं बोलण्यासारखं काय असतं? एक दिवस तिनं मागवलेली बाटली आली. गुलाबी काच, लाकडी झाकण. तिनं मनगटावर फवारा मारला, डोळे मिटले, आणि थोड्या वेळानं तोंड वाकडं केलं.

"छे! हा तर देवळाचा वास आहे, मम्मी. आजीछाप. तू घे."

म्हणजे बघा, वास चांगला नव्हता म्हणून माझ्या वाट्याला आला. घरात नासलेलं दूध, तुटकं बिस्कीट आणि नको असलेला सेंट, सगळं आईकडेच येतं. मी म्हटलं, मला काय करायचंय, मी काय लग्नाला चाललेय? पण पोरीनं माझा हात ओढला आणि फवारा मारलाच.

"घे वास."

मी हात नाकापाशी नेला.

"अगं मम्मी, श्वास आत घे! बाहेर काय सोडतेस?"

खरंच, मी फुंकर मारत होते. इतक्या वर्षांची सवय, मनगटावर गुलाब आला तरी नाकानं आपलं काम केलं. पोरगी हसून हसून लोळायला आली. मला हसू आलं आणि जरा कसंसंही झालं. मग मी दार लोटलं, जसं काही चोरी करायची आहे, आणि श्वास आत घेतला.

आधी नुसतं टोचलं, दवाखान्यातल्या कापसासारखं. पोरगी म्हणाली थांब, ते उडून जाईल. गेलं. मग गुलाब आला. गावठी गुलाब, पण पाटीतला नाही, पाटीत तो ओल्या गोणपाटात आणि झेंडूत बुडालेला असतो. हा एकटा होता. मऊ. कुणी मोठ्यानं बोलत नाही अशा घरातला. पोरगी म्हणाली, अजून थांब, अर्ध्या तासानं बदलतो. मी पोळ्या करायला गेले आणि पीठ मळताना मध्येच तो बदललेला सापडला. गुलाब मागे सरला होता आणि लाकूड पुढे आलं होतं. ताज्या कापलेल्या लाकडाचा कडकपणा त्यात नव्हता. बंद पेटी उघडल्यावर येतो तसा, जुना, गोडसर. गुलाब त्या पेटीत घडी करून ठेवलाय असं वाटत होतं.

पोरगी म्हणाली, "सांग ना कसा आहे? दहापैकी किती?"

मी म्हटलं, "बरा आहे."

बरा! मला तो इतका आवडला होता की सांगायची लाज वाटली. पन्नाशीला टेकलेली बाई, हाताला झेंडूचे डाग, नखांत हिरवं. तिनं सेंटबद्दल काय बोलावं?

पण लावायला लागले. आधी रविवारी, दुकान बंद केल्यावर. मग अधूनमधून संध्याकाळी. एकदा ह्यांच्या मागे गाडीवर बसले होते, तर हे सिग्नलला थांबून हुंगायला लागले. म्हणाले, "कुठनं वास येतोय गं? पुढच्या गाडीत काहीतरी भारी लावलंय." मी म्हटलं, "असेल." मला काय गुदगुल्या झाल्या होत्या म्हणून सांगू! नवऱ्याला कळलं नाही ह्याचा राग यायच्या ऐवजी आनंद झाला. माझं एक काहीतरी होतं जे कुणाला माहीत नव्हतं.

दुकानावर जाताना मात्र कधी लावला नव्हता. तेवढी अक्कल होती. ती अक्कल मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी कुठे शेण खायला गेली, देव जाणे.

मार्गशीर्षातले गुरुवार म्हणजे आमची दिवाळी. घराघरात लक्ष्मीचा घट बसतो, सगळ्यांना फुलं हवीत, पानं हवीत, वेणी हवी. नाशिकची थंडी, पहाटे बोटं आखडून जातात. उठून आवरत होते. बाटली आरशापाशी होती. मनात आलं, आज दिवसभर मान वर करायला मिळणार नाही, जरासा लावू. मनगटाला लावला, गळ्याला लावला. आणि वर कानाला बांधायच्या लोकरी मफलरला लावला. थंडीत वास टिकत नाही, असं पोरीनं सांगितलं होतं ना! लोकरीत टिकतो, असंही तिनंच सांगितलं होतं.

दुकानावर बसले. मफलर सैल करून गळ्यात टाकला. रामाचा हार मीच ओवते, आत्याबाईंना आता सुईत दोरा दिसत नाही. त्या दिवशी फुलबाजारात गावठी गुलाब मिळाला नाही, म्हणून दिंडोरीकडच्या पॉलिहाउसचे डच गुलाब आणले होते. दिसायला राजबिंडे, टपोरे, पण वासाच्या नावानं शून्य. डच गुलाबाला वास नसतो हे नाशकात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लांब हार ओवायचा तर तो मांडीवर घ्यावा लागतो, वरचं टोक गळ्यापाशी येतं, मफलरला घासत राहतं. ओल्या फुलांना सगळं चिकटतं. पण हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी आपली गर्दीत बुडाले होते, आणि माझ्या नाकाला तो वास लागेनासा झाला होता.

काकू आल्या, हार दोन्ही हातांवर घेऊन गेल्या. थोड्या वेळानं पुन्हा आल्या. हार तसाच हातांवर होता.

"मावशी," त्या आत्याबाईंना म्हणाल्या, "हे काय आहे? फुलांना सेंट मारलाय तुम्ही?"

आत्याबाईंना नीट ऐकू आलं नसावं. "काय मारलंय?"

"सेंट. वासाचा फवारा. डच गुलाबाला वास कुठून आला? गाभारा भरलाय नुसता. अहो, त्यात स्पिरिट असतं. रामाच्या गळ्यात घालायच्या आधी ह्यांच्या लक्षात आलं म्हणून, नाहीतर..."

दुकानापुढे बायकांची ही गर्दी. सगळ्या थांबल्या. काही दिवसांपूर्वीच बोळात बोललं जात होतं की बाजारात कुणीतरी शिळ्या फुलांना अत्तराचं पाणी मारून ताजी म्हणून विकतंय. एका बाईनं हातातली वेणी परत फळीवर ठेवली. दुसरीनं विचारलं, "कालची फुलं आहेत का ही?"

आणि मला कळलं. सगळं एका क्षणात कळलं. हात आपोआप मफलरकडे गेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं म्हणतात ना, ते काय असतं ते मला त्या फळीवर कळलं.

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. गुडघे धरलेले, तरी उभ्या राहिल्या. "काकू, तुमच्या सासूला इचारा म्हणलं असतं, त्या असत्या तर. मी ह्या फुलांना कधी तोंडाचा वारा लागू दिला नाय. सेंट? आमच्या घरात सेंट नाय!" मग त्या माझ्याकडे वळल्या. "सांग गं. आपल्या घरात हाय का सेंट?"

मी मफलर मुठीत धरून ठेवला.

सांगितलं तर काय सांगायचं? की अंगाला गुलाबाचा सेंट लावून मी इथे गोणपाटावर बसलेय? ह्या वयात? सकाळी सकाळी? एका बाजूला फुलं फसवून विकतात असं म्हणवून घ्यायचं, दुसऱ्या बाजूला हे. आणि खरं सांगते, मला त्या क्षणी फसवणूक परवडली असती. चोर म्हणा, पण हे नको. चोरीची तरी लोकांना सवय असते.

"हात लावून आण घेते," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी झेंडूत हात घातला आणि तोंड घाटाकडे, गोदावरीकडे केलं. "गंगेची आण घेऊन सांगते..."

गर्दीतली एक बाई दुसरीला म्हणाली, "आण काय घेतेय, वास तर येतोय ना ढळढळीत!"

ते ऐकलं आणि मला राहवलं नाही. म्हातारी खरी आण घेणार होती आणि लोक तिला खोटी समजणार होते.

"वास माझा आहे," मी म्हटलं.

काकू म्हणाल्या, "म्हणजे?"

"मी लावलाय. अंगाला. फुलांना नाही मारला. हार मांडीवर होता, मफलरला लागला असेल." आणि पुरावा म्हणून, काय बुद्धी झाली बघा, मी मनगट पुढे केलं.

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. एकीनं हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "कुणासाठी गं बाई, भल्या सकाळी?" आणि हसण्याचा फुगा फुटला. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय ते इतकी वर्षं नुसतं ऐकलं होतं. कानापासून गळ्यापर्यंत भाजत होतं.

काकू हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हातावरच्या हाराकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाल्या, "म्हणजे अंगावरचा वास रामाच्या गळ्यात घालायचा होता?"

त्यांनी हार फळीवर ठेवला, अगदी जपून ठेवला, आपटला नाही. "उद्यापासून हार राहू द्या, मावशी," म्हणाल्या आणि गेल्या.

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. शिव्या घातल्या असत्या, चार लोकांत थोबाडीत मारली असती तरी मी घेतली असती. त्यांनी फक्त माझ्यापुढची गुलाबाची पाटी उचलली आणि आपल्या पलीकडे ठेवली. दिवसभर मला फुलांना हात लावू दिला नाही. मी पानं बांधत बसले. मान वर केली नाही, ती गर्दीमुळे नव्हे.

दुपारी मी नळावर जाऊन हात घासले. कपड्याचा साबण लावला, राख लावली, लिंबू चोळलं. गुलाब गेला. लाकूड जाईना. आणि सगळ्यात लाजेची गोष्ट पुढे आहे. नळावर ओल्या हातांनी उभी असताना मी मनगट नाकाला लावलं, गेला का ते बघायला, आणि तो वास त्या वेळी जितका सुंदर होता तितका आधी कधी नव्हता. खोल, उबदार, कुणालाही न ओरडणारा. पोरीनं दहापैकी किती विचारलं होतं ना? तेव्हा विचारलं असतं तर मी दहा सांगितले असते. रामाचा हार गेला होता, म्हातारीची अब्रू गेली होती, आणि मी नळाशी उभी राहून वास घेत होते. माझी मलाच शिसारी आली.

संध्याकाळी घरी मी बाटली जुन्या साडीत गुंडाळून कपाटाच्या तळाला टाकली. पोरीला सगळं कळलं होतं. ती म्हणाली, "तू काय गुन्हा केलास, मम्मी?" मी म्हटलं, तुला नाही कळायचं. ती चिडून आत गेली. मी भाजी निवडायला बसले. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, सकाळपासून माझ्याशी एक शब्द नाही. मग एकदम म्हणाल्या, "कुठं लावला हुता?"

मी हात पुढे केला. वाटलं आता बोलतील, बोलू देत. पण त्यांनी माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं, दाराकडे बघून घेतलं, आणि नाकापाशी नेलं. गरम हवा मनगटावर आली. फुंकर मारली बाईंनी!

"आत घ्या, आत्याबाई," मी म्हटलं. "श्वास आत घ्या."

त्यांनी घेतला. डोळे मिटले नाहीत, उलट मोठे झाले. आणखी एकदा घेतला. मी म्हटलं, आता गुलाब गेला, नुसतं लाकूड राहिलंय. त्या म्हणाल्या, "हाय. मागं हाय थोडा." आणि खरंच होता, मलाच लागला नव्हता.

माझा हात त्यांनी सोडला नाही. "असा असतो व्हय जवळून," म्हणाल्या. "आन मी आपली रंग बघून देत आले."

बास, एवढंच. मग हात सोडला आणि मेथी निवडायला घेतली. मी माफी मागणार होते, दिवसभर जुळवून ठेवली होती. ती तशीच राहिली.

पुढचे दिवस वाईट गेले. रामाचा हार पलीकडच्या दुकानातून जायला लागला आणि बोळात कुणालाच काही सांगायची गरज उरली नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी आमची गिऱ्हाइकं फुलं हुंगून बघायला लागली. बायका गुलाब उचलायच्या, सेंट मारलाय का बघायला नाकाला लावायच्या, आणि मग त्यांच्याच लक्षात यायचं की आता हा देवाला चालणार नाही. तो खाली ठेवून दुसरा उचलायच्या. आत्याबाई हात जोडायच्या, "ताई, हुंगू नका, विश्वास ठेवा." ज्या बाईनं आयुष्यभर हेच एक जपलं, तिच्या डोळ्यांदेखत पाटीतली निम्मी फुलं उष्टी होत होती. हे सगळं माझ्या एका फवाऱ्यामुळे. मी ती उष्टी फुलं गुपचूप वेगळी काढायची आणि घाटाखालच्या शेळ्यांना घालायची.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आला. त्या दिवशी गावठी गुलाब चांगला मिळाला होता. मी न विचारताच पानं घेऊन बाजूला बसले. आत्याबाईंनी मला बोलावलं, सुईत दोरा ओवून मागितला आणि स्वतः हार करायला घेतला. बोटांनी चाचपत, एकेक गुलाब. कुणाच्या देवासाठी ते मी विचारलं नाही. रामाचा हार जेवढा लांब असतो तेवढाच होत होता.

मध्येच त्यांचा हात थांबला. एक गुलाब, फिका, मोठा, अजून पुरता न उमललेला. हात हनुवटीपर्यंत आला. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मी पटकन पानांत मान घातली. पुन्हा पाहिलं तेव्हा तो गुलाब त्यांच्या मांडीवर, पदराखाली होता, आणि त्या दुसरा ओवत होत्या.

हार पुरा होत आला तेव्हा काकू समोर उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. पलीकडच्या दुकानाकडे चालल्या होत्या की आमच्याकडेच आल्या होत्या, तेही कळलं नाही. त्या हाराकडे बघत होत्या.

"गावठी मिळाला वाटतं आज," म्हणाल्या.

"मिळाला," आत्याबाई म्हणाल्या.

मग काकूंची नजर पदराखालून डोकावणाऱ्या गुलाबाकडे गेली. "खाली पदकाच्या जागी तो मोठा घाला की. शोभेल. झाकून का ठेवलाय?"

आता एवढंच म्हणायचं होतं की किडका आहे. पाकळी फाटलीय म्हणायचं. कुणीतरी सांगून ठेवलाय म्हणायचं. आमच्या धंद्यात असल्या गोष्टी जिभेवर तयार असतात. आजूबाजूला बायका होत्या, त्यातल्या दोघी त्या दिवशीच्याच. हार हातचा गेलेला परत येत होता.

"तो नाय चालायचा, काकू," आत्याबाई म्हणाल्या. "तो हुंगल्याला हाय. मी हुंगला."

ज्या एका वाक्यासाठी त्या गुरुवारी मी म्हातारीला आण घ्यायच्या वेळेपर्यंत उभं ठेवलं होतं, तसलं वाक्य त्यांनी कुणी संशय न घेता, मान खाली न घालता सांगून टाकलं. हसायला कुणी धजलं नाही.

काकूंनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. आत्याबाईंनी हार त्यावर आडवा ठेवला. "उद्याही लागेल," काकू म्हणाल्या आणि निघाल्या.

आत्याबाईंनी पदराखालून तो गुलाब काढला. देवाचा नव्हता तो आता, त्यांचा झाला होता. घाल आता डोक्यात, असा त्यांचाच नियम. पण सासरे गेल्यापासून त्यांनी डोक्यात फूल माळलेलं नाही, आणि तू माळ असं त्यांना कुणी म्हटलेलंही नाही. त्या गुलाब हातात घेऊन बसून राहिल्या, कुठे ठेवावा ते न कळून.

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. माळा ना, आत्याबाई, एवढंच म्हणायचं होतं. पण समोर बायका होत्या, काकू अजून बोळात दिसत होत्या, आणि मला पुन्हा लाज वाटली. मी पुन्हा पानं बांधायला घेतली.

त्यांनी तो कमरेला खोचला, वरून पदर घेतला, आणि समोरच्या बाईला विचारलं, "काय देऊ, ताई?"